तोंडाला तोंड लावलेली मडकी

मी सुरतेत एका मराठी शाळेत सहावी-सातवीला समाजशास्त्र शिकवते. मुलं मला इथल्या रीतीने 'बेन' म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, पण ते इथे लिहिणार नाही. रागीट म्हणून माझी ख्याती आहे आणि ती खोटी नाही. सहावीत सुरुवातीलाच आदिमानव येतो. दर जूनमध्ये मी त्याला गुहेतून बाहेर काढते, हातात दगड देते, विस्तव पेटवून देते, दिवाळीच्या आत शेती शिकवून एका जागी बसवते आणि लगेच लोथलची गोदी बांधायला जुंपते. इतक्या घाईने माणसाची प्रगती जगात दुसरीकडे कुठे झाली नसेल.

वर्गातली निम्मी मुलं खानदेशची. बाप लूमवर नाहीतर डाईंगच्या मिलमध्ये, आई घरी बसून साड्यांचे धागे कापते. काम हललं की घर हलतं. आज भेस्तान, उद्या सचिन, परवा इच्छापोर. दर सहामाहीला हजेरीपटावरची दोन-चार नावं गळतात, दोन-चार नवी येतात. 'भटक्या टोळ्या' हा धडा यांना समजावून सांगावा लागत नाही. 'स्थायी जीवन' मात्र चारदा सांगितलं तरी पालथ्या घड्यावर पाणी.

हे सगळं आधी सांगितलं, कारण जे सांगायचंय त्याला हात घालायचं मी टाळतेय. तर सांगून टाकते. माझं पहिलं बाळ, मुलगी, अकरा दिवसांची होऊन गेली. तिला कुठे पुरलं ते मला माहीत नव्हतं. एकवीस वर्षं माहीत नव्हतं, आणि एकवीस वर्षं मी विचारलंही नाही.

आमच्याकडे दात न आलेल्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. पुरायला बायका जात नाहीत. आणि कुठे पुरलं ते आईला सांगत नाहीत. आईनेही विचारायचं नसतं. विचारलं तर पुढे कूस उजवत नाही, म्हणतात. मी तेव्हा दवाखान्यात तापाने पडलेली. मुलगी त्याच दवाखान्यात, वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत. एका दुपारी सासू आली, खाटेच्या कडेला बसली आणि पदराने माझा चेहरा पुसायला लागली. माझा चेहरा कोरडाच होता. एवढ्यावरून मला कळलं.

चौथ्या दिवशी रिकाम्या ओटीने घरी आले. दूध यायचं थांबेना, सासूने छातीला फडकं आवळून बांधलं. रडले असेन, आठवत नाही. त्यानंतर माझ्यात जे येऊन बसलं त्याला दुःख म्हणता येणार नाही. दुःख असतं तर बरं झालं असतं, चार लोकांनी विचारपूस तरी केली असती. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल कसा होतो? आपलाच असतो, पण चिमटा काढला तरी कळत नाही. तसं झालं, आणि ते उतरलं नाही. मी स्वयंपाक करायची, हसायची, भांडायची. पुढे शिक्षकाचा कोर्स केला, नोकरी लागली, मुलगा झाला. मुलगा आता कॉलेजात आहे, वडोदऱ्याला, आणि माझ्याशी फोनवर गुजरातीत बोलतो. तेही मला फारसं लागत नाही. सगळ्या बायका म्हणायच्या, बाई मोठी खंबीर. कसली खंबीर, डोंबल!

विचारायचं नव्हतं, पण अंदाज बांधायला कुणाची बंदी होती? आम्ही तेव्हा भेस्तानला राहायचो. वस्तीच्या पलीकडे खाडी. तिकडे माणसं कधीकधी छोटं गाठोडं घेऊन जाताना मी पाहिली होती. तेव्हा मी आपलं ठरवून टाकलं, खाडीच्या काठी. दरवर्षी चैत्रात, ती गेली त्या तिथीला, मी शाळेतून येताना पुलावर उतरायची. दुधाची छोटी पिशवी दाताने फोडायची आणि वरून ओतायची. खालचं पाणी मिलमध्ये त्या दिवशी जो रंग चालू असेल त्या रंगाचं. कधी जांभळं, कधी शेंदरी. दूध पडायचं, पांढरा डाग दिसायचा, मग तोही रंगायचा. हात झटकायचे आणि पुढची बस पकडायची. नवऱ्याला हे कधी कळू दिलं नाही. घरात त्या विषयावर अळीमिळी गुपचिळी.

नवऱ्याबद्दल सांगते. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, इथे 'तो' लिहिते आहे. कागदाला काय कळतंय! सचिन भागातल्या एका मिलमध्ये तो रंगखात्यात लागला आणि आज तिथेच सुपरवायझर आहे. बोलायला महाग. प्रश्न विचारा, उत्तर संध्याकाळी मिळेल. आणि हट्टी असा, की एकदा नाही म्हटलं की देव खाली उतरला तरी नाही.

भेस्तानची ती खोली म्हणजे एका लाईनीतल्या बारा खोल्यांपैकी एक होती. वर पत्रे, पुढे गटार, मागे प्रत्येकाला हातभर मोकळी जागा आणि तिथेच उघड्यावर मोरी. उन्हाळ्यात पत्र्याखाली कणीक भिजवली तर ती हातातच भाजेल असं वाटायचं. नोकरी लागल्यावर मी पहिल्या महिन्यापासून त्याच्यामागे टुमणं लावलं, इथून निघू या. तो म्हणायचा, "बघू." शेजारपाजारचे एकेक करून निघून गेले, कोणी पांडेसऱ्याला फ्लॅट घेतला, कोणी डिंडोलीला. आमचं आपलं बघू. मी किती बोलले असेन त्याला! चिकट म्हटलं, भित्रा म्हटलं, "तुम्हाला माणसासारखं राहायची सवयच नाही" असंही म्हटलं. तो मूग गिळून बसायचा. एका वर्षी तापीला पूर आला आणि पाणी आमच्या लाईनीतही शिरलं. सगळे पोराबाळांना घेऊन समोरच्या कारखान्याच्या गच्चीवर. हा कुठे? तर मागे मोरीत, मांडीभर पाण्यात उभा. मी गच्चीवरून घसा फोडून हाका मारते आहे, मुलगा कडेवर रडतोय, आणि हा हलायला तयार नाही. वर आल्यावर मी त्याला सगळ्यांदेखत नाही नाही ते बोलले. त्याने कपडे पिळले, बस.

असं आठ वर्षं चाललं. मग एक दिवस मी बॅग भरली आणि म्हटलं, तुम्ही राहा इथे, मी मुलाला घेऊन माहेरी चालले. त्या संध्याकाळी तो म्हणाला, "बरं. निघू." पुढच्या महिन्यात आम्ही दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आलो. मी जिंकले म्हणून खूश होते. म्हणजे खूश असल्यासारखी वागत होते.

आता गेल्या हिवाळ्याचं. मी दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर सहावीसाठी शाळेमागच्या मोकळ्या जागेत एक खड्डा करते. हात-दीड हात खोल, चौकोनी, भोवती सुतळी ताणलेली. शिपायाच्या मदतीने त्यात उलट क्रमाने थर भरते. तळाला वाळू आणि छिलून धार काढलेले दगड. त्यावर पिवळी माती, तीत फुटकी मडकी, मणी, जळके दाणे, कोंबडीची हाडं. त्यावर विटांचे तुकडे. सगळ्यात वर बांगडीचे काच, चहाचे कप, गुटख्याच्या पुड्या. त्या थराला मुलंच 'आपला जमाना' म्हणतात. मग त्यांनी ब्रश आणि चमच्याने हळूहळू उकरायचं, काय निघालं, किती खोल निघालं, कोणत्या दिशेला तोंड होतं, सगळं वहीत लिहायचं. घाई केली की माझा धपाटा. पुस्तकाची दहा पानं वाचून जे डोक्यात जात नाही ते या खड्ड्यातून जातं, असा माझा अनुभव.

दरवर्षी खड्ड्यात काहीतरी नवं ठेवायचं, हा माझा शौक. गेल्या वर्षी मी एका जुन्या पुस्तकात आपल्या महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाण काळातल्या लोकांबद्दल वाचलं होतं. म्हणजे तीन हजार वर्षांच्याही मागे, तांब्याची आणि दगडाची हत्यारं बरोबरच वापरणारे शेतकरी. कुडाच्या झोपड्या, बाहेर धान्याच्या कणग्या, घरोघरी मातीच्या चुली. हे लोक मेलेल्या माणसाला घरातच पुरायचे, जमिनीखाली. मोठ्या माणसाचे पाय घोट्यापासून तोडायचे. का, ते नक्की कुणाला सांगता येत नाही. उठून निघून जाऊ नये म्हणून, असं म्हणतात. लहान बाळाला दोन मडक्यांत ठेवायचे, मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून. बाळांचे पाय तोडत नसत. बाळ कुठे चालत जाणार?

मी बाजारातून दोन छोटी मडकी आणली. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर स्वतः खड्ड्यात उतरून पिवळ्या थरात ती आडवी ठेवली, तोंडं जुळवली. आत काहीतरी हवं म्हणून जत्रेतली बोटभर प्लास्टिकची बाहुली फडक्यात गुंडाळून घातली. वर माती लोटली, हाताने थापली. हे सगळं करताना मला काही म्हणजे काही वाटलं नाही, हे मी देवाशपथ सांगते. माझ्या डोक्यात फक्त एवढंच होतं की पोरांनी एका दमात उकरून फोडू नयेत म्हणजे झालं.

सोमवारी मुलं थर उतरवत पिवळ्या मातीपर्यंत आली. पहिल्या बाकावरची एक मुलगी आहे, तोंडाची नुसती फटाकडी. तिचा ब्रश मडक्याला लागला. तिने माती झाडली आणि ओरडली, "बेन, दोन मडकी! एकमेकांची पापी घेतायत!" झालं. सगळा वर्ग फिदीफिदी हसत सुटला. मी डोळे वटारले. तिने हलक्या हाताने एक मडकं मागे ओढलं, आत बोटं घातली, फडकं सोडलं.

"बेन, बाळ आहे आत."

या वेळी कुणी हसलं नाही. मी माझ्या नेहमीच्या आवाजात सांगितलं, कोणते लोक, किती जुने, कसे पुरायचे. तिने विचारलं, "घरात? म्हणजे जिथं झोपतात तिथंच?"

"तिथंच."

"मग आईला माहीत असायचं का, बेन?"

"आईला माहीत नसून कसं चालेल?" मी म्हटलं. "वरची जमीन तीच तर सारवायची."

बोलून गेले आणि सैल नसलेली सुतळी पुन्हा ताणून बांधली. काय विचित्र बाई आहे मी! शनिवारी स्वतःच्या हाताने पुरलं तेव्हा काही नाही, आणि आता एका दीडदमडीच्या पोरीच्या प्रश्नाला अडले. मी तिच्याकडे बघत राहिले. तीही माझ्याकडे बघत राहिली, हातात ती बाहुली. मग मी म्हटलं, "नोंद करा. दोन मडकी, उत्तर-दक्षिण." मुलांनी नोंद केली.

त्या दिवशी नवऱ्याची पहिली पाळी होती. मी घरी आले तेव्हा तो अंघोळ करून चहात खारी बुडवत बसला होता. मी पर्स टेबलावर ठेवली. चप्पल काढायची राहिली. शाळेतली मराठी त्या क्षणी तोंडात येईना, घरची अहिराणीच आली.

"आपली आंडेर कोठे शे?"

आंडेर म्हणजे लेक. आम्हाला एकच लेक झाली होती, त्यामुळे कोणती, हे त्याला विचारावं लागलं नाही. त्याने बशी खाली ठेवली. मला वाटलं आता नेहमीसारखं संध्याकाळपर्यंत थांबावं लागणार. पण तो लगेच बोलला, जणू तोंडाशी आणूनच ठेवलं होतं.

"खोलीत," तो म्हणाला. "मागं. मोरीशी."

मला समजलंच नाही. कोणती खोली, कसली मोरी? मग त्याने सांगितलं. आमच्या लग्नानंतर एवढं सलग तो कधी बोलला नव्हता. दवाखान्यातून त्याने आणि सासूने तिला शेअर रिक्षातून आणलं. सासूच्या मांडीवर, दुपट्यात. शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, कितवा महिना? सासू म्हणाली, अकरा दिवसांची आहे. बाई म्हणाली, गुणाची दिसते, रडत नाही. सुरतेत येऊन आम्हाला वर्ष झालं होतं, इथे असं लेकरू कुठे नेतात हे याला ठाऊक नव्हतं. खाडीकडे नेतात असं कोणी सांगितलं, तर सासू आडवी आली. परकं गाव, परकं पाणी, तिथे कुत्री फिरतात. माझी नात मी तिथे टाकू देणार नाही. घराशी राहू दे, घराशी राहिली तर याच कुशीत परत येईल. लाईनीतली माणसं पाळीला गेली होती. त्याने मागे कंबरभर खणलं. सासूने मीठ घातलं. आणि मग सासूने त्याला शपथ घातली, बाळंतिणीला सांगू नको, ती उकरून काढेल.

"वरती तो ओटा बांधा," तो म्हणाला. "कुत्रं येवाले नको म्हणीसन."

कुत्रं येऊ नये म्हणून वर बांधलेला तो ओटा. मी दवाखान्यातून आले तर मागे नवाकोरा सिमेंटचा ओटा, वर गुळगुळीत फरशी. कपडे धुवायला वाकावं लागू नये म्हणून नवऱ्याने बांधला, असं सासूने सांगितलं. आणि मी शेजारणींना बोलावून दाखवला होता. बघा, तोंडाने बोलत नाही पण बायकोची काळजी आहे. दहा वर्षं मी त्यावर कपडे आपटले. मुलाला त्यावर बसवून अंघोळ घातली. भांडण झालं की रागाने धोपटणं हाणलं. आणि चैत्रात बस पकडून जाऊन कुठल्या कुठे खाडीत दूध ओतून आले.

मला पहिल्यांदा काय आलं असेल तर राग. आधी रागच. मी त्याचा कप उचलला आणि सिंकमध्ये आपटला. "निघालो तेव्हा का नाही सांगितलंस?" मी ओरडले. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्याला 'तू' म्हटलं आणि दोघांनाही ते ऐकू आलं. "तुझी आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. शपथ कुणाची पाळत होतास?"

तो उठला आणि सिंकमधले कपाचे तुकडे उचलायला लागला. मग म्हणाला, "तू इचारंच नही. एकदाबी नही. माले वाटनं, तुले नको शे."

तुला नकोच आहे, असं वाटलं. घ्या! मी विचारायचं नाही म्हणून विचारलं नाही, आणि हा, ती विचारत नाही म्हणून बोलला नाही. आठ वर्षं मी त्याला चिकट म्हणाले, भित्रा म्हणाले, आणि तो तिला एकटीला सोडून निघायला तयार नव्हता, एवढंच होतं. मी वर्गात शिकवते की शेती आली म्हणून माणूस एका जागी राहायला लागला. पुस्तकात तसंच आहे, परीक्षेत तसंच लिहायचं. पण मला आता वाटतं, काही जण पेरलेल्यासाठी थांबले असतील आणि काही पुरलेल्यासाठी. माझ्या नवऱ्याला मी ओढून काढलं तिथून. बॅग भरून, धमकी देऊन काढलं. हे लिहिताना मला अपराधी वाटायला हवं, पण खरं सांगायचं तर अजून नीट काही वाटत नाही. फक्त हात गार पडतात.

पुढचा रविवार. मी म्हटलं, मला ती जागा दाखवा. 'तू' जसं आलं तसं गेलं होतं. आम्ही स्कूटरवरून भेस्तानला गेलो. खोल्यांची लाईन पाडली होती, हे मला ऐकून माहीत होतं. त्या बाजूला मी एकदाही फिरकले नव्हते. तिथे आता सहा मजली बिल्डिंग. तळाला सगळं पार्किंग, वर फ्लॅट. गॅलऱ्यांतून साड्या, टॉवेल वाळत घातलेले. कुठल्याशा घरातून कढीला फोडणी दिल्याचा वास येत होता. नवरा फाटकातून सरळ आत गेला. वॉचमन बाकावर बसून चहा पीत होता, त्याने आम्हाला रहिवासीच समजलं असावं.

नवऱ्याने रस्त्याच्या बाजूने पावलं टाकायला सुरुवात केली. पुढची भिंत इथं धरली तर आपली खोली सहावी, म्हणजे इतकी पावलं. एका खांबाशी थांबला. मान हलवली. परत फाटकाशी जाऊन दुसऱ्या बाजूने मोजत आला आणि एका लाल स्कूटीपाशी थांबला. "इथं असंल," म्हणाला. मग म्हणाला, "नाही, जरा तिकडं." रस्ता रुंद झाला होता, गटार बुजवलं होतं, समोरचा कारखाना गेला होता. कशापासून मोजायचं तेच उरलं नव्हतं. सबंध जमिनीला एकसारख्या करड्या फरश्या. मी त्याच्या मागे मागे चालत होते आणि तो थांबेल तिथे थांबून खाली बघत होते. एवढ्या मोठ्या बिल्डिंगचा पाया किती खोल खणतात ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. तो विषय आम्ही काढला नाही.

तिसऱ्या खेपेला त्याची पावलं चुकायला लागली. तो दोन गाड्यांच्या मधे उभा राहिला आणि त्याचे खांदे हलायला लागले. मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही. जवळ जावं हे मला कळत होतं, मी होते तिथेच उभी राहिले. तेवढ्यात वॉचमन चहाचा कप ठेवून आला. म्हातारा, उत्तरेकडचा माणूस.

"ओ भैया, किसके यहाँ जाना है?"

नवऱ्याने बाहीने तोंड पुसलं. "हमारी लडकी है," तो म्हणाला. "यहाँ है."

आमची मुलगी. एकवीस वर्षांत आमच्यापैकी कुणी हे दोन शब्द तिसऱ्या माणसापुढे उच्चारले नव्हते. वॉचमनचा चेहरा निवळला. या वयाची माणसं, रविवारची सकाळ, लेकीच्या घरी आलेली. बाप हळवा झालाय. त्याला सगळं समजलं. "अरे, तो ऐसा बोलो ना," तो म्हणाला. "शादी करके आयी होगी. फ्लॅट नंबर भूल गये? आओ, आओ." त्याने आम्हाला टेबलापाशी नेलं, चष्मा लावला आणि रजिस्टर उघडलं. त्यात प्रत्येक फ्लॅटमधल्या माणसांची नावं लिहिलेली.

"नाम बोलो बिटिया का."

मी नवऱ्याकडे बघितलं. नाव कुठलं? बारसं बाराव्या दिवशी, ती अकराव्या दिवशी गेली. नाव फुईने, म्हणजे आत्याने, ठेवायचं असतं, आणि फुई गावाहून निघाली होती ती वाटेतूनच परत फिरली. दवाखान्याच्या कागदावर तिच्या जागी माझंच नाव होतं, पुढे 'हिचं बाळ' असं. मी वॉचमनला सांगायला तोंड उघडणार होते की जाऊ द्या, चुकून आलो.

नवऱ्याने नाव सांगितलं.

चटकन सांगितलं, रोज हाक मारत असल्यासारखं. ते नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. चांगलं नाव होतं. माझ्या तोंडून कधी आलं असतं तर मी ते कसं लाडाने तोडलं असतं, रागावले की कसं लांबवलं असतं, हे मला तिथे उभ्या उभ्या ऐकू आलं.

वॉचमनने पहिल्या पानावर बोट ठेवलं. एकेक ओळ ओठांत पुटपुटत तो खाली आला, पान उलटलं, पुन्हा वरून सुरुवात केली. शेवटच्या पानापर्यंत गेला. मग चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे बघून म्हणाला, "इस नाम की तो यहाँ कोई नहीं है, बहनजी."

मी टेबलाची कड धरली.

"एक बार फिर से देखो ना, भैया," मी म्हटलं. "होगी."